बिननावाची किटली

दत्ता गेल्याचं मला शांतावहिनींनीच फोन करून सांगितलं. सकाळचे साडेआठ वाजले असतील. मी जालन्यात आमच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो आणि फोन मानेखाली दाबून एका हातानं सदरा झटकत होतो. "भाऊजी, तुमचे दोस्त गेले," वहिनी म्हणाल्या. "चहा मागितला, म्या ठेवला, घेऊन आले तर… बिलकुल शांत." मी तसाच बादलीशेजारी खाली बसलो. भोकरदनच्या शाळेत एका बाकावर बसलो तेव्हापासूनची आमची दोस्ती. रडू यायला हवं होतं आणि ते आलंही, पण खोटं कशाला बोलू, त्याच्या आधी दुसरंच काहीतरी मनात आलं. सुटलो, असं वाटलं. दत्तानं मला एक शपथ घातली होती आणि ती त्याच्या हयातीपुरती होती. आज त्याला जाऊन पाच आठवडे झाले. या पुरवणीनं माझ्याकडे एका कारागीर मित्राच्या हृद्य आठवणी मागितल्या आहेत. हृद्य जमतील तेवढ्या लिहीन, पण मी हे मुख्यतः सूड म्हणून लिहितो आहे, हे वाचकांनी आधीच समजून घ्यावं.

दत्ताचं, म्हणजे तांबटांचं घर बाजाराच्या मागच्या गल्लीत. पुढे दुकान, मागे भट्टी आणि ऐरण. आसपासच्या गावांतल्या लग्नांचे हंडे, घागरी, पराती त्यांच्याकडूनच जायच्या. आणि भांडं म्हटलं की त्यावर नाव आलंच. मामाकडून, आत्याकडून, समस्त भजनी मंडळाकडून… ठिपक्याठिपक्यांनी नाव टाकल्याशिवाय एकही भांडं दुकानाची पायरी उतरत नसे. देणाऱ्याचं नाव, घेणाऱ्याचं नाव, गावाचं नाव, आणि घडवणाऱ्याचं मात्र कधीच नाही. दत्ताचे वडील या कामात पटाईत. हंड्याच्या गळ्याभोवती वेलबुट्टी काढून तिच्या मधोमध ते नाव असं बसवत की बायका हंडा डोक्यावरून उतरवताना आधी नावाची बाजू पुढे करत. दत्ताची चित्रकला चांगली, म्हणून वडिलांनी त्याला औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरला, कलाशाळेत घातलं. पोरगा चार नव्या नक्ष्या शिकून येईल, एवढीच त्यांची अपेक्षा होती. मी तिथंच आरेखनाचा कोर्स करत होतो, त्यामुळे आमची खोली एकच होती.

कलाशाळेत एक तरुण सर होते. त्यांचं नाव मी इथं लिहिणार नाही. त्यांना मान द्यायचा म्हणून नव्हे. त्यांचं नाव इतक्या ठिकाणी छापलं गेलं आहे की माझ्या लेखात तरी त्याला जागा नको. मुंबईचे, गोरे, बोलायला गोड. त्यांच्याकडे एक जाडजूड जर्मन पुस्तक होतं. पहिल्या महायुद्धानंतर तिकडच्या काही तरुण मुलामुलींनी म्हणे ठरवलं, की भांड्यावर फुलंपानं काढायची नाहीत, भांड्याचा आकार हीच त्याची शोभा. त्यांनी घडवलेल्या चहाच्या किटल्या, साखरेची भांडी, तबकं यांचे काळेपांढरे फोटो त्या पुस्तकात होते. सगळा मामला गोल, अर्धगोल आणि सरळ पट्टी यांचा. सरांनी ते पुस्तक दत्ताला एका दुपारी बघायला दिलं. संध्याकाळी तो खोलीवर आला तो चप्पल न काढताच गादीवर बसला. "वसंता," म्हणाला, "त्यांनी समदी नक्षी काढून टाकली रे. अन् तरी भांडं भारी दिसून राह्यलंय." मी म्हटलं, मग तुझ्या बापाला काय सांगणार? तो हसला. पुढे वर्षभरात वडिलांच्या उजव्या हाताला कंप सुटला आणि दत्ता शिक्षण अर्धवट टाकून भोकरदनला ऐरणीवर बसला. मी जालन्याला सरकारी बांधकाम खात्यात लागलो.

दर रविवारी मी एसटीनं त्याच्याकडे जायचो. दिवसभर गिऱ्हाइकांचे हंडे ठोकायचा आणि मधल्या वेळात स्वतःची किटली. पहिली झाली ती अगदी त्या फोटोसारखी झाली. मला भलतीच आवडली. दत्तानं ती चार दिवस फळीवर ठेवली, येता-जाता तिच्याकडे बघितलं आणि पाचव्या दिवशी ठोकून सपाट केली. "ही त्यांची झाली," म्हणाला, "आपली न्हाई." मग त्यानं घरातला रोजचा पाणी प्यायचा तांब्या समोर ठेवला आणि त्याच्याकडे बघत दुसरी सुरू केली. तिसरी, चौथी… किती मोडल्या ते मला आठवत नाही. शेवटी जी साधली तिचं पोट तांब्यासारखं होतं, पण गळा नव्हता. पोट जिथं संपतं तिथंच सपाट झाकण. तोटी एका सरळ रेषेत वर गेलेली आणि टोकाला तिरपी कापलेली, त्यामुळे ओतून झाल्यावर एक थेंबही खाली ओघळत नसे. मूठ बाभळीच्या काळ्या गाभ्याची, बैलगाडीला वापरतात त्याच लाकडाची. झाकणाची घुंडी मधोमध नव्हती, मुठीच्या बाजूला सरकवलेली होती; किटली उचलली की अंगठा आपोआप घुंडीवर येतो आणि ओतताना झाकण पडत नाही. आतून कल्हई, बाहेरून नुसतं तांबं. हातोडीचे ठोके मात्र पोटावर तसेच राखले होते. मी विचारलं, ही नक्षी नाही का? तर म्हणाला, "ही नक्षी न्हाई, ही मेहनत हाय. ती कशाला पुसू?" किटली, दुधाचं भांडं, साखरेचं भांडं आणि तबक, असा चार नगांचा संच. असे दोन संच त्यानं केले.

जाफराबादच्या एका लग्नघरच्या मामांना हा संच दुकानात दिसला आणि भाचीच्या रुखवतासाठी पसंत पडला. फक्त त्यावर नाव हवं होतं. दत्ता नाही म्हणाला. मामांना आधी वाटलं, हा चेष्टा करतोय. मग त्यांनी बारीक अक्षरात चालेल म्हटलं, मग खालच्या बाजूला, मग झाकणाच्या आतून. दत्ता नाहीच म्हणत राहिला. "मामा, या अंगावर एक ठिपका जरी पडला ना, तर माझी दोन वर्षं वाया गेली समजा." मामा तणतणत निघून गेले आणि स्टीलचा डिनर सेट घेऊन मोकळे झाले, त्याच्यावर म्हणे गुलाबाची फुलं होती. त्या दिवशी बापलेकांचं असं भांडण झालं की समोरचा किराणा दुकानदार सोडवायला आला. दुसऱ्याचं नाव नको, तर निदान स्वतःचं टाक, असं मीही त्याला सांगून पाहिलं. तेही त्याला नको होतं. मी त्या संचाचं मोजमाप घेऊन ट्रेसिंग कागदावर काळ्या शाईत नीट आरेखन केलं. आमच्या खात्याची शिस्त अशी, की कागदाच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकट असते आणि तिच्यात संकल्पना कोणाची ते लिहायचं असतं. पेन टेकवणार तेवढ्यात दत्तानं माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे रे. भांडं बघून कळतंच ना कोणाचं हाय ते." मी चौकट रिकामी सोडली. हातात पेन असताना, शाई ओली असताना सोडली. या लेखात मी अनेकांवर राग काढणार आहे, तर त्या यादीत पहिला मी.

सर एकदा वेरूळला आलेले असताना वाट वाकडी करून भोकरदनला आले. दत्तानं संच समोर ठेवला. सरांनी किटली हातात घेऊन सगळीकडून बघितली. मग म्हणाले, "दत्ता, हा मी दिल्लीच्या प्रदर्शनाला नेतो. लोकांनी बघितलं पाहिजे हे." दत्ता लाजून नुसता मान हलवत होता. जाताना त्यांनी माझं आरेखन पाहिलं. "तुमची रेघ फार स्वच्छ आहे हो," म्हणाले. आमच्या साहेबांनी मला उभ्या जन्मात असं कधी म्हटलं नव्हतं. मी फुगलो, दुसऱ्याच दिवशी त्याची प्रत काढली आणि सर ज्या विश्रामगृहात उतरले होते तिथं स्वतः नेऊन दिली. चहाही घेतला त्यांच्याबरोबर. सात-आठ महिन्यांनी कचेरीत कोणीतरी एक इंग्रजी मासिक आणलं होतं, त्यात दत्ताच्या किटलीचा पानभर फोटो होता. खाली संकल्पना म्हणून सरांचं नाव. आणि घडण? 'मराठवाड्यातील ग्रामीण कारागीर.' बस, इतकंच. पुढच्या पानावर माझं आरेखन होतं, माझी ती स्वच्छ रेघ, आणि कोपऱ्यातल्या चौकटीत दुसऱ्याच अक्षरात सरांची सही.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकून भोकरदनला गेलो. मासिक दत्ताच्या मांडीवर आपटलं आणि म्हटलं, चल, आत्ताच्या आत्ता पत्र लिहू, मासिकाला, दिल्लीला, कलाशाळेला. दत्तानं फोटो निरखून बघितला. "उजेड मस्त पडलाय," म्हणाला. मला त्याला धरून हलवावंसं वाटलं. त्यानं मला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि थेट पिंपळगाव रेणुकाईला नेलं. देवीसमोर उभं करून म्हणाला, "वसंता, त्या माणसानं मला ते पुस्तक दाखवलं. न्हाईतर म्या आयुष्यभर हंड्यावर वेली काढत बसलो असतो. ती त्याची दक्षिणा गेली समज. माझ्या जिवात जीव हाय तोवर तू याच्याबद्दल कुठंच बोलायचं न्हाई. घे शपथ." मी देवीकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं आणि घेतली. पण दक्षिणा ही मागून घेतात नाहीतर देऊन टाकतात… न विचारता उचललेल्या वस्तूला आमच्याकडे दुसरा शब्द आहे आणि तो शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतो. हे मी दत्ताला परतीच्या वाटेवर सांगितलं. तो पेडल मारत राहिला.

त्यानंतर सर वाढतच गेले. त्यांनी नेलेला संच परदेशातल्या संग्रहालयात गेला. सरांचं पुस्तक आलं, मुखपृष्ठावर किटली. पुरस्कार आले, शाली आल्या, 'साधेपणाचे उपासक' अशा मथळ्याच्या मुलाखती आल्या. स्वतःच्या साधेपणावर बोलायला त्यांना दीड दीड तास लागायचा. मी एकूणएक कात्रण कापून फायलीत लावलं. बायको म्हणायची, तुम्हाला नाद लागलाय. होताच. लोक निवृत्तीनंतर बागकाम करतात, मी राग जोपासला, त्याला रोज पाणी घातलं. दत्ताचं मात्र काहीच अडलं नाही. लग्नाचे हंडे बंद झाले तसा तो कल्हई करणं, फुटक्या भांड्यांना डाग देऊन सांधणं, जुन्या समया दुरुस्त करणं यावर आला. त्याच्या घरच्या संचातून मला तो चहा पाजायचा आणि मी दातओठ खात तो प्यायचो. एकदा टीव्हीवर सरांची मुलाखत लागली होती. त्या परदेशी संग्रहालयाच्या नव्या दालनात त्यांनी स्वतःच्या हातानं 'माझ्या' किटलीतून चहा ओतून दाखवला… आणि ओतताना झाकण पडू नये म्हणून दुसऱ्या हाताचं बोट त्यावर दाबून धरलं. दत्ता पोट धरून हसायला लागला. "अरे, घुंडी तोटीकडं करून बसवलंय त्यानं झाकण! चाळीस वर्षं झाली, अजून त्याला ते झाकण लावता येत न्हाई!" मी हसलो नाही. मी शांतावहिनींकडे बघितलं. त्या दाराशी उभ्या होत्या आणि त्याही हसत नव्हत्या.

दत्ताच्या तिसऱ्या दिवसाचं आटोपून आम्ही बसलो असताना वहिनींच्या फोनवर सरांचा फोन आला. आता ते ऐंशीच्या पुढे आहेत. बातमी त्यांना कोणीतरी सांगितली होती. पहिली दोन वाक्यं सांत्वनाची, आणि तिसऱ्या वाक्यात त्यांनी विचारलं, की घरी राहिलेला दुसरा संच सुरक्षित आहे ना, कारण त्यांच्या नावाचं एक दालन होतं आहे आणि त्यात तो शोभेल. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. "तेराव्याला या सर," म्हणाल्या, "मंग बघू." फोन ठेवून त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, शपथ तुम्ही घेतल्ती. म्या कुठं घेतल्ती? पर नवऱ्याच्या शब्दापुढं बोलले न्हाई कधी. तुमच्यापाशी तो नकाशा हाय का अजून?" होता. मूळ ट्रेसिंग माझ्याकडेच होतं, गुंडाळी करून पत्र्याच्या नळीत ठेवलेलं. त्यांच्या मनात काय आहे ते त्यांनी सांगितलं आणि मी त्या बाईकडे बघतच राहिलो. पन्नास वर्षं मी कात्रणं कापत बसलो होतो, आणि हिनं चार मिनिटांत तोड काढली.

आमच्याकडे तेराव्याला आलेल्या माणसांना गेलेल्याच्या नावाचं भांडं देतात. वाटी, पेला, ताट, ज्याची जशी ऐपत. त्यावर 'यांच्या स्मरणार्थ' असं कोरलेलं असतं. मी जालन्यातल्या भांडेवाल्याकडून दीडशे स्टीलची ताटं घेतली, सपाट बुडाची, कडेला एक वाटोळी रेघ एवढीच. ट्रेसिंग घेऊन मशीनवर कोरणाऱ्या पोराकडे बसलो. आरेखन जसंच्या तसं ताटाच्या मधोमध आलं. किटली, तोटीचा तिरपा काप, मुठीकडे सरकलेली घुंडी, सगळी मापं. आणि त्या आधी, घरी, मी ट्रेसिंग टेबलावर पसरलं होतं, जुनं पेन धुऊन शाई भरली होती आणि कोपऱ्यातल्या चौकटीत लिहिलं होतं: संकल्पना व घडण, दत्तात्रय तांबट, भोकरदन. रेघ पूर्वीइतकी स्वच्छ राहिलेली नाही. ताटांची पोती भोकरदनला उतरवताना मला राहवलं नाही. म्हटलं, "वहिनी, दत्ताला हे आवडलं नसतं. भांड्यावर नाव, तेही स्वतःचं." वहिनींनी एक ताट उचलून पदरानं पुसलं. "न्हाईच आवडणार. पर त्यांच्या आवडीनं चालून म्या काय मिळवलं?" मी पुढचं पोतं उतरवलं. दत्ताची या एका गोष्टीसाठी मी माफी मागतो. बाकी कशासाठी नाही. पुस्तक कितीही गुळगुळीत कागदावर छापा, एक दिवस रद्दीत जातं. स्टीलचं ताट जात नाही. भोकरदन, जाफराबाद, पिंपळगाव, तिथली दीडशे घरं आता रोज दत्ताच्या किटलीवर भाकरी वाढून घेणार आहेत, आणि त्यांची नातवंडंही.

सर आले. पांढरा झब्बा, काठी, सोबत ड्रायव्हर. शांतावहिनींना त्यांनी आपल्या पुस्तकाची प्रत सही करून दिली, सांत्वन म्हणून! वहिनींनी ती कपाळाला लावली आणि बाजूला ठेवली. तेराव्याला पत्रावळीवर वाढतात आणि भांडं जाताना पिशवीत देतात, पण पहिल्या पंगतीला याच ताटांत वाढायचं असं वहिनींनी ठरवलं होतं. सरांना मधोमध खुर्ची-टेबलावर बसवलं. वहिनी वाढायला उठल्या तेव्हा जावांनी त्यांना धरलं. त्या दिवशी त्यांनी उठायचं नसतं. त्या उठल्याच. सरांचं ताट त्यांनी आडोशाला भरून आणलं, भात-वरण, पुऱ्या, बटाट्याची भाजी, बुंदी, तळ कुठं दिसणार नाही इतकं गच्च. "जल्दी न्हाई सर, सावकाश जेवा." मी समोरच्या ओळीत बसलो होतो आणि माझं सगळं लक्ष तिकडं होतं.

बुंदी आधी संपली, तिच्याखालून तोटी निघाली. सरांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी पुरी तोडली आणि भाजी घेतली, भाजीखाली मूठ होती. बाजूचे म्हातारे मास्तर स्वतःचं ताट डोळ्यांजवळ नेऊन मोठ्यानं वाचायला लागले, "संकल्पना व घडण… अरे, ही दत्ताची किटली की!" आणि अख्ख्या पंगतीत माणसं आपापल्या ताटातला भात बोटांनी बाजूला सारून वाचू लागली. सरांनी मान वर केली नाही. ते हळूहळू जेवत राहिले, आणि सगळं संपलं तरी उजव्या कोपऱ्यात, बरोब्बर चौकटीवर, मूठभर वरणभात त्यांनी तसाच राहू दिला. पाण्याचा पेला उचलला आणि उठायला काठी जवळ ओढली. वहिनी पदर खोचून त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या.

"तेराव्याचं अन्न हाय, सर," त्या म्हणाल्या. "तेवढा घास टाकू नका."

सरांनी माझ्याकडे बघितलं. मी नजर हटवली नाही. मग त्यांनी पेला खाली ठेवला, काठी सोडली आणि तो घास उचलला.